डुकरांच्या रोगप्रतिकारशक्तीवर विषाणूंचा घाला

वाड्यातील डुकरांना ताप चढतो, ती खाणे सोडतात आणि एकमेकांच्या अंगावर गोळा होऊन पडून राहतात. पुढे हगवण लागते, श्वास जड होतो. पशुपालक हगवणीवर व खोकल्यावर औषध देतो, परंतु गुण येत नाही. याचे कारण असे की, ही लक्षणे पुष्कळदा मागाहून शिरलेल्या जंतूंची असतात. मूळ घाला विषाणूने शरीराच्या रक्षण-व्यवस्थेवर आधीच घातलेला असतो. हा क्रम ध्यानात घेतल्यास बचावाचे उपाय केव्हा योजावेत, हे सहज समजेल.

शरीराचे रक्षक

रक्तातील पांढऱ्या पेशी हे शरीराचे रक्षक होत. त्यांपैकी भक्षकपेशी जंतूंना गिळून नष्ट करतात. लसिकापेशींपैकी काही रोगग्रस्त पेशींचा नाश करतात, तर काही प्रतिद्रव्ये तयार करतात. निरोगी डुकराच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणतः ११,००० ते २२,००० पांढऱ्या पेशी असतात.

विषाणू काय करतो?

स्वाइन फीवर या रोगाचे उदाहरण घेऊ. याचा विषाणू बहुधा तोंडावाटे वा नाकावाटे शिरतो व प्रथम घशातील टॉन्सिल ग्रंथींत वाढतो. तेथून तो लसिकाग्रंथी, प्लीहा व अस्थिमज्जा येथे पोहोचतो. म्हणजे जेथे रक्षक-पेशी तयार होतात व राहतात, तेथेच तो ठाण मांडतो. विषाणू ज्या पेशींत शिरलेला नाही, अशा लसिकापेशीही रोगग्रस्त पेशींतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे मोठ्या प्रमाणावर मरतात. बाह्य लक्षणे स्पष्ट होण्यापूर्वीच पांढऱ्या पेशी घटू लागतात आणि त्यांची संख्या ८,००० च्याही खाली जाते. मग एरवी निरुपद्रवी असणारे आतड्यांतील व श्वासमार्गातील जंतू प्रबळ होतात. प्रतिजैविक औषधे या जंतूंवर चालतात; विषाणूवर त्यांचा परिणाम होत नाही.

आफ्रिकन स्वाइन फीवर हा नामसादृश्य असलेला, परंतु सर्वस्वी निराळ्या विषाणूचा रोग आहे. भारतात तो प्रथम २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला. त्याचा विषाणू मुख्यतः भक्षकपेशींतच वाढतो. म्हणजे ज्याने शत्रूस गिळावयाचे, त्याच्याच पोटात शत्रू घर करतो. हे दोन्ही रोग माणसास होत नाहीत.

गाभण डुकरीण व पिल्ले

गाभण डुकरिणीस स्वाइन फीवरची बाधा झाल्यास विषाणू गर्भापर्यंत पोहोचतो. गर्भाची प्रतिकारशक्ती तयार होण्यापूर्वी ही बाधा झाली, तर पिल्लाचे शरीर विषाणूस परका मानीत नाही. असे पिल्लू जन्मतः धडधाकट दिसू शकते, परंतु कित्येक आठवडे विषाणू बाहेर टाकून इतरांस रोग देत राहते व अखेरीस स्वतःही दगावते.

डुकरिणीच्या वारेतून प्रतिद्रव्ये गर्भास मिळत नाहीत. नवजात पिल्लास ती केवळ चिकातून मिळतात व ती शोषून घेण्याची आतड्यांची शक्ती सुमारे एका दिवसात संपते. म्हणून प्रत्येक पिल्लास पहिल्या सहा तासांतच पोटभर चीक पाजावा. अशक्त पिल्लास हाताने आचळास लावावे.

लस केव्हा टोचावी?

लस म्हणजे रक्षकांस शत्रूची आगाऊ ओळख करून देणे होय. हे रक्षक शाबूत असतानाच करावयाचे काम आहे. शिवाय लशीनंतर संरक्षण निर्माण होण्यास काही दिवस लागतात. स्वाइन फीवरची लस पूर्वी सशांच्या शरीरात तयार करीत असत. २०२० मध्ये इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय अनुसंधान संस्थेने पेशीसंवर्धनाने तयार केलेली देशी लस प्रसृत केली. पिल्लू फार लहान असताना लस टोचल्यास चिकातील प्रतिद्रव्ये तिला निष्प्रभ करतात. म्हणून साधारणतः दोन ते तीन महिन्यांच्या वयात, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने ती टोचून घ्यावी. आफ्रिकन स्वाइन फीवरला ही लस उपयोगी पडत नाही. तेथे स्वच्छता व अलगीकरण हाच आधार होय.

पशुपालकांनी घ्यावयाची दक्षता

१. विकत आणलेली डुकरे किमान तीन आठवडे कळपापासून दूर ठेवावीत.

२. डुकराचे मांस मिसळलेले उष्टे अन्न मुळीच घालू नये. उपाहारगृहांतील इतर उष्टे ढवळत एक तास उकळून व निववून द्यावे.

३. वाडा प्रथम घासून धुवावा. नंतर डुकरे बाहेर काढून दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम कॉस्टिक सोडा मिसळून शिंपडावा व डुकरे आत घेण्यापूर्वी फरशी पाण्याने धुवावी. हे द्रावण कातडी भाजते, म्हणून हातमोजे वापरावेत, डोळे जपावेत.

४. लागोपाठ डुकरे आजारी पडल्यास ग्रामपंचायतीस वा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार असे कळविणे मालकाचे कर्तव्यच आहे.

५. मृत डुकरे ओढ्यात वा उघड्यावर टाकू नयेत. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावीत.

कळपात मरतूक सुरू होताच उरलेली डुकरे मिळेल त्या किमतीस विकून टाकण्याचा मोह होतो. गरीब कुटुंबाची सारी बचत त्या वाड्यात असते, हे खरे. परंतु बाजारात नेलेले एक रोगी डुक्कर दहा कुटुंबांची बचत बुडविते. यास्तव जनावर निरोगी असतानाच लस, चीक व स्वच्छता यांची काळजी घ्यावी आणि रोग दिसताच तो न लपविता कळवावा.