जीभ, हात आणि मेंदू

'कळंबा' हा आपल्या गावाच्या नावाचा उच्चार तपासून पाहावा. 'क'साठी जिभेचा मागचा भाग उचलला जातो, 'ळ'साठी जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते आणि पुढच्याच क्षणी ओठ मिटतात. हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आसपास घडते. दोन-अडीच वर्षांचे मूल मात्र 'कलंबा' म्हणते. जीभ त्याला असतेच. तिला वळवणाऱ्या मेंदूची तालीम अजून पुरी व्हायची असते.

मी इतिहासाचा विद्यार्थी. त्यामुळे या शोधाच्या इतिहासापासून आरंभ करतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे लबोर्न्य नावाचा रुग्ण आला. त्याला बोललेले समजत असे, परंतु त्याच्या तोंडून 'तां' एवढाच ध्वनी निघे. वाचा गेल्यानंतर काही वर्षांनी त्याचा उजवा हातही लुळा पडला होता. मृत्यूनंतर तपासले असता त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, पुढच्या बाजूस इजा आढळली. वाचा आणि उजवा हात यांची ही सोबत योगायोगाची नव्हती. हाताकडे जाणारे बहुतेक चेतातंतू मस्तिष्कपुच्छाच्या तळाशी बाजू बदलतात, म्हणून डावा मेंदू उजवा हात चालवतो. आणि बहुतेक माणसांची वाचाही डाव्याच बाजूस असते. आपल्याकडे 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात, तेव्हा उजवी बाजू आणि बोलणे पुष्कळदा एकदमच जाते ते याचमुळे. अशा वेळी अंगारे-धुपाऱ्यात एक घटकाही दवडू नये. रक्ताच्या गुठळीमुळे झटका आला असेल, तर ती विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

आता शिकण्याकडे वळू. फळ्यावर आपण खांद्यापासून हात हलवून लिहितो, वहीत केवळ बोटांनी. स्नायू निराळे, तरी वळण एकच! अर्थात मेंदू स्नायूंची हालचाल तेवढी पाठ करत नाही, अक्षराचा आकारच साठवतो. हात अपेक्षेपेक्षा किती चुकला हे अनुमस्तिष्क मोजते आणि पुढच्या वेळी तेवढी दुरुस्ती करते. ही विद्या घटना आठवणाऱ्या स्मृतीहून वेगळी आहे. १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाला नवे काही आठवेनासे झाले. तरीही आरशात पाहून चांदणी गिरवण्यात त्याचा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला. आदल्या दिवशी आपण हे केले होते, याचे त्याला स्मरणही नसे.

वाचेच्या बाबतीत आधी कान शिकतो. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातील इंग्रजीभाषक घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हा भेद कळत होता. वर्षाच्या आसपास तो बहुतेकांना कळेनासा झाला. घरात जो भेद ऐकू येत नाही, तो मेंदू सोडून देतो.

हा प्रयोग मी मुद्दाम सांगत आहे. ज्याच्या घरी 'पानी' म्हणतात, त्या मुलाच्या तोंडी 'न' येतो. त्यावरून त्याची जात ओळखून हसणारे वर्ग महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या पाहिले आहेत. 'ण' रक्तातून येत नाही, पाळण्यापाशी पडलेल्या शब्दांतून येतो. घरचा 'न' हाही त्याच मेंदूने तितक्याच कष्टाने मिळवलेला असतो. तेव्हा त्याला अशुद्ध म्हणण्यास शास्त्राचा आधार नाही.

मुलाखतीसाठी वा व्यासपीठासाठी 'ण' हवाच असेल, तर तो दहाव्या किंवा विसाव्या वर्षीही येतो. आधी 'मन' आणि 'मण', 'वन' आणि 'वण' अशा जोड्या डोळे मिटून ऐकाव्यात. कानाला फरक पटला की मग जीभ सावकाश वळवावी. रोज दहा मिनिटे पुरतात. एका दिवसात तासभर घोकून तेवढे साधत नाही, कारण सरावातले पुष्कळसे काम मेंदू मधल्या झोपेत पुरे करतो.