जुन्या खेळांसाठी जुन्या संगणकाची निवड

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस हे संकुल मुख्यतः कार्यालयांसाठी उभारण्यात आले होते. पुढे ते संगणकांच्या खरेदी-विक्रीचे देशातील एक प्रमुख केंद्र बनले. नोव्हेंबर १९८४ मध्ये जाहीर झालेल्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने शिथिल केली. त्यानंतर बाहेरून आलेले सुटे भाग जुळवून संगणक तयार करण्याचा व्यवसाय अशा बाजारपेठांत वाढला. या इतिहासाचा एक परिणाम आजही जाणवतो. दिल्लीत मिळणाऱ्या जुन्या संगणकाच्या पेटीवरील नावावरून आतील भागांची खात्री देता येत नाही. म्हणून जुने खेळ खेळण्यासाठी असे यंत्र घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम पेटी उघडून पाहण्याचा आग्रह धरावा.

निवडीचा मूळ नियम असा की, आधी खेळ ठरवावा आणि मग यंत्र. अधिक वेगवान यंत्र अधिक चांगले, हा नित्याचा समज येथे लागू पडत नाही. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीचा ८०८८ हा प्रक्रियक ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. त्या काळातील अनेक खेळांत काळाचे मोजमाप घड्याळाने होत नसे; प्रक्रियक एक आवर्तन पूर्ण करण्यास जो वेळ घेई, तोच खेळाचा ताल असे. असा खेळ दसपट वेगाच्या यंत्रावर चालविल्यास खेळाडूचे बोट कळीवर पडण्यापूर्वीच डाव संपतो. पुढील काळातील यंत्रांवर ‘टर्बो’ नावाचे जे बटण दिसते, त्याचा खरा उपयोग यंत्राचा वेग उतरविणे हाच होता.

या दृष्टीने खेळांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटातील, म्हणजे १९८०च्या दशकातील बहुतेक खेळांना ८०८८ किंवा ८०२८६ पुरेसा होतो. दुसऱ्या गटात १९९० ते १९९५ या काळातील खेळ येतात. १९९३ मधील ‘डूम’ या खेळाला किमान ८०३८६ प्रक्रियक व चार मेगाबाइट स्मृती लागे. परंतु अशा यंत्रावर तो अडखळत चालतो आणि ६६ मेगाहर्ट्झच्या ८०४८६ वर त्याची खरी गती प्रकट होते. तिसऱ्या गटात १९९६ नंतरचे त्रिमितीय खेळ असून त्यांना पेंटियम व ‘व्हूडू’सारखे स्वतंत्र चित्रकार्ड हवे. ज्याला एकच यंत्र परवडणारे आहे, त्याने ८०४८६ निवडावा. त्याच्या प्रक्रियकातील ‘कॅश’ ही लहान, जलद स्मृती बंद केल्यास वेग पुष्कळ खाली आणता येतो आणि मागील पिढीचे बरेचसे खेळही त्यावर खेळता येतात. मंद यंत्राचा वेग मात्र असा सहज वाढविता येत नाही.

वेगानंतर ध्वनीचा विचार येतो. १९८७ मधील ‘ॲडलिब’ कार्ड एकाच वेळी नऊ स्वर काढू शके. १९८९ मध्ये आलेल्या ‘साउंड ब्लास्टर’ने त्याच स्वरांना ध्वनिमुद्रित आवाजाची जोड दिली. ही कार्डे आयएसए प्रकारच्या, बहुधा काळ्या रंगाच्या लांब खाचांत बसतात. मुख्य पाटीवर अशी एकही खाच नसेल, तर यंत्र कितीही चांगले असले तरी त्यावर अनेक जुने खेळ मुके राहण्याचा संभव असतो.

पडद्याची निवडही महत्त्वाची आहे. त्या काळातील कित्येक खेळांचे चित्र ३२० गुणिले २०० बिंदूंचे असून ते ४:३ प्रमाणाच्या काचनळीच्या पडद्यासाठी रेखाटलेले असे. आजच्या रुंद, सपाट पडद्यावर ते ताणले जाते व त्याच्या कडा पुसट होतात. तथापि काचनळीचा मॉनिटर अननुभवी माणसाने कधीही उघडू नये. त्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो.

यानंतर प्रकृतीची परीक्षा करावी. ८०३८६ व ८०४८६ च्या अनेक पाट्यांवर निकेल-कॅडमियमची लहान बॅटरी डाख देऊन बसविलेली असते. कालांतराने ती पाझरते आणि तिच्यातील द्रव तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. बॅटरीभोवती हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसल्यास ती पाटी नाकारणेच बरे. दिसत नसल्यास घरी आणताच बॅटरी काढून टाकावी. वीजपुरवठ्याच्या डब्यामागील बटण २३० व्होल्टवर आहे की नाही, हे सुरू करण्यापूर्वी पाहावे. ते ११५ वर राहिले, तर भारतातील विजेवर तो डबा जळू शकतो.

ज्याला केवळ खेळाची ओळख करून घ्यायची आहे, त्याला डॉसबॉक्ससारखी आज्ञावली पुरेशी आहे. जुन्या यंत्राचा खर्च व खटाटोप त्याने करावा, ज्याला त्या खेळाचा मूळ ताल, ध्वनी व चित्र एकत्र अनुभवायचे आहे.

या निवडीला आणखी एक बाजू आहे. ज्या यंत्राला गिऱ्हाईक मिळत नाही, ते बहुधा भंगारात जाते. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर हे अशा भंगाराच्या तोडणीचे मोठे केंद्र म्हणून ओळखले जाते. तेथे पाट्यांचे मोल खेळावरून नव्हे, तर त्यांतील तांबे व सोने यांवरून ठरते. पाट्या तापवून व धातू आम्लात विरघळवून मिळविलेल्या त्या मोलाची किंमत काम करणाऱ्यांची फुप्फुसे व हात देत असतात. काचनळीच्या काचेत शिसेही असते. ई-कचऱ्यासंबंधीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये आणि त्यानंतरचे २०१६ व २०२२ मध्ये करण्यात आले. परंतु अनौपचारिक तोडणी त्यामुळे थांबलेली नाही. म्हणून घेणाऱ्याने यंत्र शक्यतो मूळ मालकाकडून, भंगारात जाण्यापूर्वी आणि पूर्ण स्वरूपात घ्यावे. त्यातील निकामी भाग रस्त्यावरच्या कबाड्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावेत. नीट निवडलेले एक यंत्र खेळाचा आनंद तर देतेच, शिवाय एक चालती वस्तू आम्लाच्या हौदापासून वाचवते.