घटक ३ : श्रमिकांचे उच्च शिक्षण आणि सकाळचे महाविद्यालय

३.१ प्रस्तावना

चांदूर रेल्वे परिसरात कापूस वेचणीला किंवा जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या माणसाला महाविद्यालयाची खरी अडचण अंतराची नसते. बडनेऱ्यापर्यंत गाडी आहे, पुढे अमरावती आहे. अडचण वेळेची असते. दिवसा वर्गात बसावे, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. शुल्क माफ झाले, तरी बुडालेली मजुरी भरून निघत नाही. ही अडचण ओळखून चालविलेल्या एका महाविद्यालयाचा परिचय आपण या घटकात करून घेणार आहोत.

३.२ पार्श्वभूमी

लंडनमध्ये १८५४ साली कामगारांसाठी ‘वर्किंग मेन्स कॉलेज’ सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. या शाळेने प्रौढांना अक्षरओळख दिली. पदवी मात्र त्यांच्यापासून दूरच होती.

३.३ सिद्धार्थ महाविद्यालय

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. या संस्थेचे सिद्धार्थ महाविद्यालय २० जून १९४६ रोजी मुंबईत सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत; त्यामुळे नोकरी करणाऱ्या तरुणाला तास संपवून कामावर जाता येई. त्याच वर्षी कारखाने कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणून बाबासाहेबांनी या सुधारणेसाठी प्रयत्न केले होते. या दोन घटना आपण एकत्र वाचाव्यात. कायद्याने श्रमिकाचा काही वेळ मोकळा केला. महाविद्यालयाने आपले वेळापत्रक श्रमिकाच्या दिवसाशी जुळवून घेतले.

३.४ पुढील टप्पा

१९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. अभ्यासकेंद्रे व स्वयं-अध्ययनाची पुस्तके यांमुळे वेळेबरोबर स्थळाचेही बंधन सैल झाले. तरीही दिवसभर निंदण करून आलेल्या स्त्रीला रात्रीचा स्वयंपाक आवरल्यावरच पुस्तक उघडता येते. तिच्या वाट्याला अभ्यासाचा वेळ कसा येईल, हा प्रश्न अद्याप शिल्लक आहे.

३.५ स्वाध्याय

१. ‘शुल्कमाफीने श्रमिकांचे शिक्षण खुले होत नाही.’ या विधानाची सकारण चर्चा करा.
२. आपल्या एका दिवसाचे वेळापत्रक लिहा. त्यात अभ्यासाला किती वेळ मिळतो आणि तो कोणाच्या श्रमामुळे मिळतो, ते नोंदवा.