नव्या तपासणीआधी जुने कागद

नातेवाईक प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी करतात आणि म्हणतात, "डॉक्टर, सगळं करून झालं. आता तुम्हीच काय ते बघा." जिल्ह्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करताना हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. पिशवी जितकी जड, तितकं निदान त्या पिशवीतच सापडण्याची शक्यता जास्त, असं माझं आता ठाम मत झालंय. नवी तपासणी लिहून देणं सोपं असतं. जुने कागद तारखेनं लावून वाचायला मात्र अर्धा तास जातो, आणि ओपीडीत तो अर्धा तास कुणाकडेच नसतो.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले होते. वय पन्नाशीच्या पुढं. वर्षभरात तीन दवाखाने झालेले. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर उलट्या-जुलाब, दुसऱ्यावर रक्तातलं सोडियम कमी, तिसऱ्यावर नैराश्य. भूक मेलेली, वजन उतरलेलं, छाटणीच्या दिवसांतही माणूस अंथरूण सोडेना, म्हणून मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू झालेल्या. एण्डोस्कोपी नॉर्मल, मेंदूचा एमआरआय नॉर्मल. प्रत्येक ठिकाणी सलाईन लागलं की दोन दिवसांत तरतरी यायची, घरी सोडायचे आणि महिन्याभरात पुन्हा तीच गत.

आमच्या निवासी डॉक्टरला सांगितलं, सगळे रिपोर्ट तारखेनं लाव आणि आकडे एका कागदावर एकाखाली एक लिही. सोडियम 121, 118, 124. ते असायला हवं 135 ते 145. हे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि दर वेळी भरून काढलं होतं. शेजारच्या रकान्यात पोटॅशियम 5.6, 5.9, 5.7. हे थोडंसंच जास्त. एका रिपोर्टवर पेनानं शेरा होता, "नमुना हेमोलाइज्ड असावा." सुईतून रक्त घेताना पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं, हे खरंच. पण तीन ठिकाणच्या तीन नमुन्यांत पेशी फुटतील का? बीपी सगळीकडे 90 ते 100च्या आसपास, आणि उभं करून मोजल्याची नोंद कुठंच नाही. आम्ही उभं केलं तर वरचा आकडा 70वर आला आणि ते कॉटवर बसूनच घेऊ लागले.

त्यांच्या पत्नी तोवर गप्प होत्या. त्यांना विचारलं, "काकू, घरी काय वेगळं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "ह्यांचं मिठाचं फार झालंय हो. लोणच्यातला खार बोटानं चाटत्यात. मी बरणी लपवून ठेवते." हे आधी कुणाला सांगितलं होतं का? "कुणी इचारलंच न्हाई."

मग तळहात पाहिले. रेषा काळ्या पडलेल्या, कोळशाच्या पेन्सिलीनं ओढाव्यात तशा. कोपरं, बोटांचे सांधे, ऑपरेशनचा व्रण, सगळं काळवंडलेलं. "उन्हात राबणारा माणूस, काळा पडायचाच," असं मुलगा म्हणाला. पण तळहाताच्या रेषांना ऊन लागत नाही. हिरड्यांचा काळेपणा आपल्याकडे पुष्कळांना जन्मतःच असतो, त्यावर भिस्त ठेवू नये. म्हणून ड्रायव्हिंग लायसन्सवरचा जुना फोटो मागवून चेहऱ्याशेजारी धरला. फरक ढळढळीत होता.

मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी बंद पडल्या की कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन आटतात. मीठ लघवीवाटे निघून जातं, पोटॅशियम साठतं, बीपी पडतं. ग्रंथीला जागं करण्यासाठी मेंदूखालची पिच्युटरी जे एसीटीएच जोरजोरात सोडत राहते, तेच त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतं. हा अ‍ॅडिसनचा आजार. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसननं 1855 साली अकरा रुग्णांवरून तो मांडला. तेव्हा त्याचं ठळक कारण होतं क्षय. युरोप-अमेरिकेत आज बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथींवर उलटते. आपल्याकडे मात्र क्षय आणि हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी यांना विसरून चालत नाही. या गृहस्थांना तरुणपणी छातीत पाणी झालं होतं आणि टीबीचा कोर्सही झाला होता. ते कुठल्याच कार्डावर नव्हतं.

कॉर्टिसोल आणि एसीटीएचसाठी रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम व सलाईन सुरू केलं. इथं थांबणं धोक्याचं असतं. रिपोर्ट पुण्याहून येईपर्यंत माणूस जाऊ शकतो, आणि अशा वेळी दिलेल्या एका इंजेक्शनानं सहसा काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी मागितली. कॉर्टिसोल अवघं 1.8 आलं, सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुजलेल्या, तुकडा तपासला तर क्षयच.

यात आणखी एक खाच आहे, ती तरुण डॉक्टरांनी पक्की लक्षात ठेवावी. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताला कॉर्टिसोल भराभर मोडायला लावतं. ग्रंथी आधीच अर्धमेल्या असताना फक्त टीबीची औषधं चालू केली, तर उरलंसुरलं कॉर्टिसोलही संपतं आणि रुग्ण कोसळतो. म्हणून आधी स्टेरॉइड, मग टीबीची औषधं. आणि ती चालू असेतोवर स्टेरॉइडचा डोस बहुधा वाढवावा लागतो.

अ‍ॅडिसन विरळाच. पण कॉर्टिसोल आटण्याचं याहून कितीतरी नेहमीचं कारण आपल्या आठवडी बाजारात मिळतं: सांधेदुखीच्या पुड्या. बऱ्याच पुड्यांत स्टेरॉइड असतं. वर्षानुवर्षं ते बाहेरून मिळालं की ग्रंथी झोपी जातात आणि एक दिवस पुडी बंद झाली की रुग्ण उलट्या, चक्कर, कमी सोडियम घेऊन कॅज्युअल्टीत येतो. यात एसीटीएचच दबलेलं असल्यामुळं त्वचा काळवंडत नाही, आणि अल्डोस्टेरॉन शाबूत असल्यामुळं पोटॅशियम वाढत नाही. पुडीबद्दल विचारलं तरच कळतं. तेही "औषध घेता का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं, कारण पुडीला कुणी औषध मानत नाही. "गुडघ्याला काय घेता?" असं विचारावं लागतं.

म्हणून नातेवाइकांना सांगतो, मोठ्या डॉक्टरांकडे जाण्याआधी एक तास घरी बसा. कागद तारखेनं लावा. एका पानावर लिहा: माणूस पूर्ण बरा शेवटचा कधी होता, पहिल्यांदा काय झालं, वजन किती उतरलं, कशानं बरं वाटतं आणि कशानं पुन्हा बिघडतं. गोळ्या, पुड्या, काढे, मलमं, सगळं पिशवीत घाला. "आम्हाला गॅस्ट्रो सांगितलंय" असं निदानापासून सुरू करू नका, त्रासापासून करा. स्वयंपाक करणारी, जवळ झोपणारी व्यक्ती सोबत न्या आणि तिला बोलू द्या. आणि डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "या निदानात न बसणारं काही आहे का?" चांगला डॉक्टर या प्रश्नानं चिडत नाही. चिडला, तर तुम्हाला तेवढं कळलं.

आमच्या बागायतदारांची गोष्ट निदानानं संपली नाही. सहा-आठ महिने उत्तम गेले. मग भावकीतल्या एकानं सांगितलं, "स्टेरॉइड? हाडं ठिसूळ होतील, बंद कर." गोळ्या बंद झाल्या. चौथ्या दिवशी रात्री त्यांना बेशुद्धावस्थेत आणलं, बीपी लागत नव्हतं. वाचले, कारण मुलानं दारातच ओरडून आजाराचं नाव सांगितलं आणि ड्युटीवरच्या डॉक्टरनं आधी इंजेक्शन दिलं, मग कागद मागितले.

या आजारातलं स्टेरॉइड म्हणजे शरीरात जे बनत नाही ते बाहेरून भरणं. पैलवानांची इंजेक्शनं वेगळी, सांध्याच्या पुड्या वेगळ्या. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी गोळी एक दिवसही चुकवू देऊ नये. ताप आला तर डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणं डोस दुप्पट करावा, उलटी होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर थेट इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावा, आणि दाताचं असो की हर्नियाचं, कुठल्याही ऑपरेशनाआधी हे सांगावं. आजाराचं आणि औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड रुग्णाच्या खिशात ठेवा, आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आजच काढून ठेवा.