अपघाताची नुकसानभरपाई : तडजोड की निवाडा?

दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे रस्त्यावरील अपघातात जखमी झालेल्या इसमास मोटार वाहन अधिनियम, 1988 अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाई मागता येते. अधिनियमात यासाठी 6 महिन्यांची मुदत घातली आहे.

विमा कंपनीने देऊ केलेली रक्कम मान्य झाल्यास न्यायाधिकरण तडजोडीची नोंद करते. मान्य न झाल्यास सुनावणीअंती निवाडा देते. लोकअदालतीतही तडजोड होऊ शकते. तडजोडीने पैसा लवकर हाती येतो व तारखांचे हेलपाटे वाचतात. चालकाच्या चुकीचा पुरावा कच्चा असल्यास थोडी कमी रक्कम स्वीकारणेही हिताचे ठरते. परंतु लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हे विसरता कामा नये.

म्हणून सही वा अंगठा करण्यापूर्वी हिशेब मांडावा. समजा, 32 वर्षांच्या गवंड्याचे मासिक उत्पन्न 15,000 रुपये असून हाताच्या दुखापतीने त्याची कमाईची शक्ती 20 टक्क्यांनी कायमची घटली. वार्षिक तोटा 36,000 रुपये झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली निश्चित केलेल्या कोष्टकानुसार या वयाचा गुणक 16 आहे. म्हणजे 5,76,000 रुपये. औषधोपचार, बुडालेली मजुरी, वेदना व भावी उत्पन्नवाढ यांची भरपाई निराळी. इस्पितळातच लाखभर रुपयांवर सही करणारा गवंडी किती गमावतो, हे यावरून ध्यानी येईल.

कायम अपंगत्वाचे प्रमाण उपचार पूर्ण झाल्यावरच ठरते. तोवर दावा मुदतीत दाखल करावा, बिले व पोलीस कागदपत्रे जपावीत. तडजोडीची घाई मात्र करू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो.