फिरत्या घरातील ओल
बंगळूरच्या दक्षिणेकडील बनशंकरी भाग समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तेथे पावसाळ्यात उभ्या असलेल्या निवासी मोटारगाडीत गादीखालची फळी ओली लागली, की छत गळत असल्याचा संशय येतो. तो पुष्कळदा खोटा ठरतो. झोपलेला मनुष्य श्वास व घाम यांवाटे रात्रीत सुमारे पाव लिटर पाणी हवेत सोडतो. गार पृष्ठभागावर तेच दवासारखे साचते. म्हणून फळ्या उचकटण्यापूर्वी आतील भिंत पुसून तीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवावा. सकाळी पाणी त्याच्या वर दिसल्यास ते हवेतले, खाली दिसल्यास झिरपलेले. झिरपणारा सांधा बुजवावा. हवेतल्या पाण्यापुढे मात्र रंग व्यर्थ होय. तेथे गादीखाली अंतराअंतराने पट्ट्या ठोकाव्यात व खिडकी किंचित उघडी ठेवावी. फळी एका वेळी निम्मीच काढावी. उरलेल्या निम्म्यावर, अवघडून का होईना, झोपता येते.