भट्टी सगळ्यात शेवटी! काच केमिकलने मजबूत कशी होते?



जाड काच तापवून हवेच्या झोताने झटकन गार केली की ती टफन होते. पण मोबाईलवर लावतात तशा एक मिलिमीटरपेक्षा पातळ काचेला हे जमत नाही. तिथे लागते वितळलेल्या क्षाराची भट्टी.

आत काय घडतं?
पोटॅशियम नायट्रेट 334 अंश सेल्सिअसला वितळतं. ते 400 अंशांच्या आसपास ठेवून त्यात काच काही तास बुडवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन बाहेर जातात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन बसतात. समजा, लोकलच्या बाकावरून तीन सडपातळ माणसं उठली आणि तिथेच तीन पैलवान बसले. बाक तेवढाच, पण हलायला जागा नाही! काचेचा पृष्ठभाग असाच दाबाखाली राहतो, म्हणून बारीक चरा सहज फाकत नाही.

पैसे कुठे बुडतात?
1. हा थर फक्त काही शतांश मिलिमीटरचा. त्यामुळे कापणं, भोकं पाडणं, कडा घासणं आधीच उरकायचं. नंतर कापलं तर नव्या कडेला मजबुती नाही.
2. द्राक्षबागेत 13:0:45 म्हणून वापरतात ते हेच पोटॅशियम नायट्रेट. पण खताचं पोतं इथे ओतू नका. त्यात कॅल्शियमचा थोडासा अंश असला तरी अदलाबदल अडते.
3. काचेतून आलेलं सोडियम टाकीत साठत जातं आणि मजबुती घटते. क्षार बदलण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.
4. ओली काच आत घालाल तर पाण्याची क्षणात वाफ होऊन तप्त क्षार अंगावर उडेल. तेलाच्या चिंध्या, लाकूड, भुसा भट्टीजवळ नको. नायट्रेट आग भडकवतं.

धंद्याचा धडा
अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने 1962 मध्ये अशी मजबूत काच बाजारात आणली. काच उत्तम, पण मोठा ग्राहक मिळाला नाही. पुढे 2007 मध्ये आयफोनसाठी तसलीच काच लागली आणि गोरिला ग्लास घराघरांत पोहोचली. एवढी वर्षं थांबणं मोठ्या कंपनीला परवडलं. आपल्याला बँकेचा हप्ता दर महिन्याला भरायचा असतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. एकदा बुडवलेली काच दुसऱ्या मापाला लागत नाही. आधी ग्राहक, मग त्याचं पक्कं माप, मग कटिंग, आणि भट्टी सगळ्यात शेवटी. मशीनचं कोटेशन मागवण्याआधी एक काम करा: तीन ग्राहकांकडून माप आणि महिन्याचे नग लिहून आणा.